उष्टं

इबुकी, तू तेव्हा दोन वर्षांचा होतास.
सफरचंदाची फोड अर्धी चोखून
माझ्या तोंडात कोंबायचास,
आणि मी आ करायचे.

हिरोसाकीत नोव्हेंबरात सफरचंदांना तोटा नसतो.
डागाळलेली फळं बाबा शेडवरून पिशवी भरभरून आणायचे.
पाळणाघरातून तू शेंबूड गाळत यायचास.
तुझ्या वाटीत उरलेली पेज
मी उभ्या उभ्या, तुझ्याच चमच्याने संपवायचे.
अन्न टाकवत नाही माझ्या हातून.

पोटात तिसरा महिना.
अंग कसकसलं, घसा धरला,
दोन रात्री उशी घामाने भिजली.
म्हटलं, थंडीच असेल.
आल्याचं पाणी प्यायले, कामावर गेले.

गरोदरपणाच्या वहीत सगळं टिपलंय,
वजन, रक्तदाब, पोटाचा घेर.
उमेनोबाईंनी सांगितलं होतं,
कच्चं मांस नको, मांजराची घाण काढू नकोस,
मोठे मासे जपून.
पोटच्या पोराचं उष्टं खाऊ नकोस
असं कुणी म्हणालं नाही.
कोण म्हणेल?

नोदोका आली जूनमध्ये.
बागेत तेव्हा घोसातलं एकेक फळ ठेवून
बाकीची खुडायचं काम चाललं होतं.
खिडकीतून शिड्या दिसत.
तिसऱ्या दिवशी तिच्या कानाशी यंत्र लावलं.
उजवा, पुन्हा तपासू.
डावा, पुन्हा तपासू.
मग मांडीत चिकटवली लघवीची इवलीशी पिशवी.
तीन आठवड्यांच्या आत कळायला हवं, म्हणाल्या,
नंतर कळून उपयोग नाही.
तेवढं वेळेत झालं.

विषाणूचं नाव इतकं लांब
की मी ते वहीत दोन ओळींत मोडून लिहिलं.
मोठ्यांना बहुधा पत्ताही लागत नाही, बाई म्हणाल्या,
लहानग्यांच्या लाळेतून येतो, लघवीतून येतो.
पोटातल्या बऱ्याच बाळांना काहीसुद्धा होत नाही.
काहींना होतं.
लाळेतून?
माझी जीभ आपोआप टाळूला लागली,
फोडीची चव शोधत.

नाव आधीच ठरलेलं होतं. नोदोका, म्हणजे निवांत.
बदलायचं का, असं सासूबाईंनी विचारलं नाही,
पण दोन दिवस त्या तिला नुसतं "बाळ" म्हणत होत्या.

शंभराव्या दिवशी उष्टावण.
लाल भात, अख्खा मासा,
आणि बशीत देवळातून आणलेला खडा,
दात तसे घट्ट व्हावेत म्हणून.
काडीचं टोक खड्याला लावायचं, मग हिरडीला.
मी तो खडा आधी उकळला.
तीनदा.
कुणी काही बोललं नाही.

सहा महिने सकाळ-संध्याकाळ औषध,
तेही हातमोजे घालून.
तुझी पापी घ्यायचे मी तेव्हा, पण केसांवर.
तू तोंड वर करायचास,
मी केसच शोधायचे.
ते तुला आठवत नसेल, अशी आशा आहे.

आता तू सात वर्षांचा.
काल शाळेतून आलास आणि दप्तर न काढता विचारलंस,
"तिला ऐकू का येत नाही? कुणामुळे?"
कुणामुळे हा शब्द कुठून आणलास रे?
मी भांडी घासत होते. नळ बंद केला.
म्हटलं, मला ताप आला होता.
ते खरं आहे. अर्धं.
बाकीचं अर्धं तुझ्या हाती द्यायचं की नाही
हे मी चार वर्षं ठरवते आहे.
दिलंच कधी तर असं देईन,
की तू दिलं नव्हतंस, इबुकी.
मी घेतलं होतं. आवडीनं.

आज दुपारी नोदोकाने फोड चोखली
आणि तुझ्या तोंडासमोर धरली.
मी खुर्चीवरून अर्धी उठले.
तू आ केलास.

मी बसले नाही, उठलेही नाही.
तुम्ही दोघं चावत होता.
मग तू चित्रांच्या पुस्तकात गेलास,
आणि तिने, कानांमागची गुलाबी यंत्रं सावरत,
फरशीवर दोनदा पाय आपटला,
तुला हाक मारायची तिची ती रीत,
आणि तू वळलास.